दोन भाषांची चित्रपुस्तकं तांड्यावरच्या लेकरांना कशी वाचून दाखवावी?

अरुणावतीकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही, म्हणून थोडी लांबण लावते.

आमच्या गावात ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली आहे. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी, आणि लाइन असली तर पंखा. तिला आम्ही वाचनालय म्हणतो. रविवारी सकाळी मी ती उघडते. गाव वाशीम जिल्ह्यात, पोहरादेवीच्या बाजूला. नाला ओलांडला की बंजाऱ्यांचा तांडा, आणि माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त लेकरं तांड्यावरचीच. घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली, शाळेत मराठी. इंग्रजी पहिलीपासून दप्तरात असते, तोंडात मात्र येत नाही.

माझ्या नणंदेची मुलगी ह्यूस्टनला असते. तिची पोरं मोठी झाली, तिनं घर आवरायला काढलं आणि एक खोकं इकडे पाठवून दिलं. ह्यांना वाटलं कपडे असतील. उघडलं तर सगळी चित्रांची पुस्तकं! काही नुसती इंग्रजी, काहींत एकाच पानावर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही. आतली माणसं बहुतेक मेक्सिकन. आजी-आजोबा, मामे-काके, अंगण, स्वयंपाकघर, सण.

त्यातली दोन पुस्तकं लेकरांनी खाली ठेवलीच नाहीत. कार्मेन लोमास गार्झा नावाच्या चित्रकार बाईंची आहेत. बाई १९४८ साली टेक्सासमधल्या किंग्जव्हिल गावी जन्मल्या, घर मेक्सिकन-अमेरिकन. एक पुस्तक १९९० चं, दुसरं १९९६ चं. सुरुवात-शेवट असलेली गोष्ट त्यात नाही. प्रत्येक चित्र म्हणजे लहानपणची एक आठवण आणि बाजूला थोडा मजकूर, दोन भाषांत. कुठं निवडुंगाचे काटे काढणं चाललंय, कुठं उन्हाळ्याच्या रात्री सगळे ओसरीवर टरबूज खातायत, कुठं वाढदिवसाला टांगलेली खाऊभरली पिन्याता फोडतायत, कुठं दोघी बहिणी छपरावर चढून चांदण्या पाहतायत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तामाले करतानाच्या चित्रावर. स्वयंपाकघर माणसांनी भरलंय. दोघी बहिणी आजोबांजवळ उभ्या राहून मक्याच्या कणसाची वाळकी पानं भिजवतायत. आजोबांच्या अंगात निळी डांगरी. आई पानावर मक्याच्या पिठाचा लगदा पसरते, काका-काकू त्यावर मांस ठेवतात, आजी गुंडाळलेले तामाले ओळीनं रचते. मी काही बोलायच्या आतच मागून आवाज, "अबे, बुढा रांधून रायला!" मग जो गोंधळ झाला तो झाला. मजकुरात बाई म्हणतात की काही घरांत फक्त बाया तामाले करतात, आमच्या घरी सगळेच हात लावतात. हे मराठीत सांगितल्यावर तिसरीतली एक पोरगी शांतपणे म्हणाली, "आमचं घर मंग 'काही घरांत' मंदी येते."

पानात गुंडाळून वाफवतात म्हटल्याबरोबर "पानगे! पानगे!" सुरू झालं. आता पानगे गव्हाचे, पळसाच्या पानात आणि गोवऱ्यांच्या आरावर, त्यामुळे तसा काही मेळ नाही, पण मी मोडता घातला नाही. निवडुंगाच्या चित्राचा परिणाम वेगळाच. दोन पोट्टे धुऱ्यावरचा फड्या तोडून आणायला निघाले होते, कसंबसं थांबवलं. आणि एक पान आहे त्यात आजोबा जेवणासाठी सोललेला ससा घेऊन घरात येतात. एका माळकरी आजीनं ते पाहिलं आणि नातवाला काही दिवस पाठवलं नाही. तांड्यावरची पोरं त्याच पानावर सगळ्यात जास्त बोलली. काय बोलली ते इथं लिहीत नाही.

आता प्रश्न. मी इंग्रजीतलं एक वाक्य वाचते, मग मराठीत सांगते. इंग्रजी चालू असताना सगळी खिडकीबाहेर पाहत असतात. मराठी झालं की थोरल्या बहिणी धाकट्यांच्या कानात गोरमाटीत सांगतात. तिन्ही होईस्तोवर पानातला जीव गेलेला असतो. स्पॅनिश तर मी उडवूनच लावते, उच्चार कळत नाहीत. पण पोरं बोट ठेवून विचारतात, "मामी, हे खालचं काहून वाचत नाई?" दोन भाषांचं पुस्तक वाचायची काही रीत असते का?

दुसरं जरा मोठं आहे. असंच एक पुस्तक तांड्याचं करावं असं डोक्यात आलंय. चित्रं लेकरांची, बोलणं घरच्या म्हाताऱ्यांचं, गोरमाटी आणि मराठी शेजारी शेजारी. लेकरं सांगतात की शाळेत गोरमाटी तोंडातून निघाली की ओरडा बसतो. (कोणती शाळा ते विचारू नका, गावात राहायचं आहे.) ती भाषा छापलेली पाहिली तर त्यांना काय वाटेल, हे मला पाहायचं आहे. कोणी असं काही केलं असेल तर सांगा.

शंकासूर:

मामी, राग मानू नका, पण पाचवीतल्या पोराला मराठीचा परिच्छेद धड वाचता येत नाही आणि आपण मेक्सिकोचे तामाले शिजवायला बसलो. मराठीत चित्रपुस्तकं नाहीत का? माधुरी पुरंदरे यांची घ्या, ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं घ्या. भाषा स्वच्छ, चित्रं सुंदर, घरंही आपल्याच मराठी माणसांची. फुकट आलं म्हणून वाचायचं, याला काही अर्थ नाही.

अरुणावतीकाठ:

शंकासूर, राग कशाचा? पुरंदरेबाईंची आहेत आमच्याकडे. 'राधाचं घर' तर इतकं हाताळलं गेलंय की पानं दोऱ्यानं शिवून ठेवली आहेत. पण त्यात तांडा नाही. या पुस्तकांतही नाही, हे खरं. फरक इतकाच, की मराठी पुस्तक वाचताना ही लेकरं ऐकतात आणि हे पाहताना स्वतःच्या घरचं सांगायला लागतात. का ते मला अजून उमगलेलं नाही. दोन भाषा दिसतात म्हणून असेल, किंवा मलाही सगळं येत नाही हे त्यांना दिसतं म्हणून असेल.

अकोटचा पाव्हणा:

मामी, नमस्कार. मी मूळ अकोटचा, बरीच वर्षं सॅन अँटोनियोत आहे. इथं दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये स्पॅनिश कानावर पडतेच. माझी मुलगी दोन भाषांच्या वर्गात शिकली. पालकांनी वर्गात येऊन पुस्तक वाचायचं अशी तिथली पद्धत होती, त्यामुळे तुम्ही लिहिलंय ते डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

एक वाक्य या भाषेत, एक त्या भाषेत, हे आधी बंद करा. लेकरू हुशार असतं. आपल्या भाषेतलं मागून येणारच आहे हे कळलं की पुढच्या भाषेला ते कान कशाला देईल? तुमची पोरं खिडकीबाहेर पाहतात ती त्यामुळेच. मुलीच्या बाईंचा नियम कडक होता, एका बैठकीला एकच भाषा. आज अख्खं पुस्तक स्पॅनिशमध्ये, दोन-चार दिवसांनी तेच इंग्रजीत. मध्ये अडलं तर चित्रावर बोट ठेवायचं, हातवारे करायचे, पण भाषा सोडायची नाही. दुसऱ्या वेळेस काय चाललंय ते पोरांना माहीत असतं, म्हणून नवे शब्द ऐकायला डोकं रिकामं राहतं. सुरुवात घरच्या भाषेनं. तुमच्याकडे म्हणजे पहिला रविवार गोरमाटीचा. तुम्हाला येत नसेल तर आणखी बरं, थोरल्या बहिणी कानात कुजबुजतात त्यांनाच पुढं बसवा आणि तुम्ही मागं बसा.

स्पॅनिश वाचणं इंग्रजीपेक्षा सोपं आहे, कारण अक्षर बहुतेक तसंच उच्चारलं जातं. 'जे' दिसला की 'ह' म्हणा. 'एच' दिसला तर गिळून टाका. 'एल' जोडीनं आला की 'य'. 'एन'च्या डोक्यावर नागमोडी रेघ असली की 'न्य'. त, द आपल्यासारखे दातावरचे, इंग्रजीतले ट, ड नाहीत. शब्द स्वरावर संपला की जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. म्हणून तोर्तिया, पिन्याता, ससा म्हणजे कोनेहो, आजी म्हणजे आबुएला. मराठी जिभेला यात काहीच जड नाही. अमेरिकन पालकांची होते तेवढी फजिती तुमच्या लेकरांची होणार नाही, लिहून ठेवा.

खोकं पुन्हा एकदा पाहा, कारण ही पुस्तकं तीन तऱ्हांची असतात. पहिली तुम्ही लिहिलीत ती, दोन्ही मजकूर पूर्ण आणि शेजारी. दुसरी, मजकूर इंग्रजी पण आजी, जेवण, लाडाची हाक एवढे शब्द स्पॅनिश. तिसरी, इंग्रजीची एक आणि स्पॅनिशची वेगळी आवृत्ती. दुसऱ्या तऱ्हेतलं डंकन तोनातियू यांचं 'डिअर प्रीमो' असलं तर बाजूला काढून ठेवा. २०१० चं आहे. दोन चुलत-मावस भाऊ, एक न्यूयॉर्कात, एक मेक्सिकोतल्या गावाकडे, एकमेकांना पत्रं लिहितात, माझ्याकडे हे असं, तुझ्याकडे कसं? चित्रातले चेहरे सगळे एका बाजूनं काढलेले. मेक्सिकोतल्या मिश्तेक लोकांच्या जुन्या चित्रपोथ्यांची ती धाटणी आहे. ज्यांचे काका-मामा ऊसतोडीला नाहीतर पुण्या-मुंबईला गेलेत त्या पोरांना हे पुस्तक लगेच कळेल.

शाळेतल्या ओरड्याचं वाचून वाईट वाटलं, नवल नाही वाटलं. टेक्सासात गार्झाबाई लहान होत्या त्या काळी शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून पोरांना शिक्षा होत असे. गार्झाबाईंनी स्वतः ती सोसलेली आहे. भाजल्यावर कोरफडीचा गर लावतात, माझी चित्रं त्या कामाची आहेत, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. पुढं १९६८ साली दोन भाषांतल्या शिक्षणाला पैसा देणारा केंद्राचा कायदा झाला. तो मांडणारे राल्फ यारबरो टेक्सासचेच सिनेटर. म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये मतदान घेऊन असे वर्ग जवळजवळ बंद केले आणि २०१६ मध्ये पुन्हा मतदान घेऊन वाट मोकळी केली. लोकांचं मत बदलायला अठरा वर्षं लागली, तेवढ्यात एक पिढी शाळेतून बाहेर पडली.

तुमच्या खोलीसाठी एक नाव सांगून थांबतो, पुरा बेलप्रे. पोर्तो रिकोहून आलेली बाई. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात कामाला लागली आणि बाहुल्या घेऊन इंग्रजी-स्पॅनिश दोन्हींत पोरांना गोष्टी सांगायची. तिच्या नावानं १९९६ पासून बालपुस्तकांचा पुरस्कार देतात. तुमच्याकडचं १९९० चं पुस्तक पहिल्याच वर्षीच्या मानाच्या यादीत होतं. म्हणजे कपाटात काय येऊन पडलंय ते समजा!

पळसपान:

मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. पाव्हण्यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त एक जोडते. पहिल्या दिवशी मजकूर झाकायचा. खरंच झाकायचा, जुन्या कॅलेंडरचा कागद लावून. पोरांना नुसतं चित्र द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. शिक्षकाला गप्प बसणं फार जड जातं, पण बसायचं. ती जे बोलतील ते त्यांच्या भाषेत फळ्यावर उतरवायचं. मजकूर नंतर उघडला की पोरं आपलं बोलणं आणि पुस्तकातलं बोलणं ताडून पाहतात, आणि पुस्तकात राहून गेलेलं स्वतःच दाखवतात. माझ्या वर्गात पोरांनी एकदा सांगितलं होतं की या चित्रातल्या बाईनं चूल पेटवली पण फुंकणी कुठंच नाही.

युयी मोरालेस यांचं पुस्तक खोक्यात असलं तर ते आयांना दाखवा. या मेक्सिकोतल्या हालापा गावच्या. १९९४ मध्ये कडेवरचं बाळ घेऊन अमेरिकेत आल्या, इंग्रजी येत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाचनालयात बाळाला मांडीवर घेऊन चित्रांची पुस्तकं पाहत पाहत त्या भाषा शिकल्या आणि मग स्वतःच पुस्तकं करायला लागल्या. २०१८ मध्ये त्यांनी त्याचंच पुस्तक केलं, इंग्रजीत 'ड्रीमर्स', स्पॅनिशमध्ये 'सोन्यादोरेस'. तुमच्याकडे दारात उभ्या राहणाऱ्या, आत न येणाऱ्या आया असतीलच. आमच्याकडे होत्या.

आणि शंकासूर, मेक्सिको कायले म्हणता, तर मका, मिरची, टमाटर, धुऱ्यावरचा फड्या निवडुंग हे सगळं तिकडूनच आलेलं आहे. भिवापुरी मिरचीचा ठेचा खाता ना? मग तिच्या माहेरच्या लोकांचं पुस्तक पाहायला काय हरकत आहे?

शंकासूर:

बरं बाप्पा, हरलो. पण मराठी वाचनाचा मुद्दा मी सोडलेला नाही. तिन्ही भाषांच्या नादात मराठी कच्ची राहिली तर सातवी-आठवीत पोरगं शाळा सोडते, हे मी पाहिलंय.

तांड्यावरचा:

मामी, जय सेवालाल. मी दिग्रसकडचा, तांड्यावरचा, सध्या अमरावतीला शिकतो. तुमचा विचार वाचून बरं वाटलं आणि जरा भीतीपण वाटली, म्हणून स्पष्टच लिहितो.

आमच्याबद्दलची पुस्तकं कमी नाहीत. सगळ्यात फेटिया-कांचळी (आमचा घागरा-चोळी), आरसे, लेंगीचा नाच, आणि लमाणांचा इतिहास. चित्रातली आमची बाई कायम नटलेली आणि कायम नाचत असते. माझी याडी, म्हणजे आई, रोज कापूस वेचते आणि अंगावर साडी असते. फेटिया आजीच्या पेटीत आहे, ती लग्नाला निघते. तुमच्या गार्झाबाईंच्या चित्रात आजोबा डांगरी घालून पानं भिजवतात, ते मला म्हणून आवडलं. सणाच्या कपड्यांतला मेक्सिकन नाही, घरातला माणूस आहे. तुमचं पुस्तक तसं झालं पाहिजे. एका पानावर तीज ठेवा, श्रावणात पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, ते लेकरांना काढायला फार आवडेल. एका पानावर दिवाळीचा मेरा ठेवा, पोरी दिवे घेऊन घरोघर जातात. पण बाकीची पानं साध्या दिवसांची असू द्या. बाटी भाजणं, टँकरची लाइन, कारखान्यावर जाताना ट्रॅक्टरवर बांधलेलं बिऱ्हाड, आजीपाशी राहिलेलं लहान भावंडं.

गोरमाटी मजकूर मराठीवरून करू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी म्हातारीला बोलू द्या, मोबाइलवर धरून ठेवा, तिच्या तोंडचं तसंच उतरवा आणि मग त्यावरून मराठी करा. उलटं केलं की गोरमाटीच्या कपड्यातली मराठी तयार होते, आमच्या म्हाताऱ्या पहिल्याच ओळीला हसतील. लिपीची चिंता नको. आमच्या भाषेला स्वतःची लिपी नाही. इकडे आम्ही देवनागरीत लिहितो, तेलंगणातले तेलुगू लिपीत, कर्नाटकातले कन्नडमध्ये. एकाच शब्दाचं लेखन दोन तांड्यांवर दोन तऱ्हांचं दिसेल, तेव्हा एकाच तांड्याचं बोलणं धरा आणि तसं पुस्तकावर लिहून टाका. वाचून तपासायला मी आहे, रविवारी येऊ शकतो. एसटीचं तेवढं बघावं लागेल.

शंकासूर भाऊ, पोरगं शाळा सोडते ते मराठी कच्ची म्हणून नाही, शाळेत तोंड उघडायची सवय मोडते म्हणून. माझ्या वर्गातले जे गेले ते सगळे गप्प बसणारे होते.

झाडीपट्टीवाला:

मी भंडाऱ्याला छपाईचं काम करतो. लग्नपत्रिका, पावतीबुकं, झाडीपट्टीच्या नाटकांचे जाहिरातीचे कागद, यातच दिवस जातो. पण शाळांची हस्तलिखितंही छापून दिली आहेत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पानं चारच्या पटीत धरा, कारण एक कागद मधून दुमडला की चार पानं होतात. लहान पुस्तकाला सोळा पानं पुष्कळ झाली. मधोमध दोन पिना मारल्या की काम होते, चिकटवून बांधलेलं पोरांच्या हातात टिकत नाही. आतला कागद जरा जाड घ्या, नाहीतर मागच्या पानाचं चित्र पुढं दिसते. चित्रं तेलखडूनं काढू नका, एकाचा रंग दुसऱ्याला लागतो आणि स्कॅनरची काच खराब होते. पाण्याचे रंग किंवा रंगीत पेन्सिली बऱ्या. मोबाइलवर फोटो काढून पाठवाल तर कोपऱ्यात अंधार येईल आणि पांढरं पिवळं दिसेल. मूळ चित्रं द्या, मी स्कॅन करून परत देतो.

आता दोन भाषांचं खरं दुखणं सांगतो. इंग्रजी-स्पॅनिशवाले एक मजकूर सरळ आणि एक तिरप्या अक्षरात लावून वेगळा दाखवतात, रोमन लिपीत ते शोभते. देवनागरी तिरपी केली की मात्रा-वेलांट्या कलंडतात आणि नवं वाचणाऱ्या पोराला त्रास होतो. म्हणून टाइप एकच ठेवा, आकारही एकच, फक्त रंग दोन. काळा आणि गडद निळा, किंवा काळा आणि विटकरी. फिका रंग कोणत्याच भाषेला देऊ नका. आणि जागा ठरवून टाका, गोरमाटी वर तर सगळ्या पानांवर वर. बऱ्याच पुस्तकांत मोठी भाषा वर आणि ठळक, छोटी भाषा खाली बारीक अक्षरात असते. पोरगं न वाचताच समजते की कोणाचा मान किती.

ती अमेरिकेची पुस्तकं मात्र झेरॉक्स काढून वाटू नका, त्यांचे हक्क असतात. वाचून दाखवा, कितीही दाखवा. छापायलाच पाहिजे असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर जा. तिथली पुस्तकं मोकळ्या परवान्यावर आहेत, नाव देऊन छापता येतात, भाषांतरही करता येते, आणि मजकूर चार पातळ्यांत लावलेला आहे. दोन भाषांची विकत घ्यायची तर चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाकडे इंग्रजी-मराठी जोडपुस्तकं मिळतात.

अकोटचा पाव्हणा:

झाडीपट्टीवाले, वरखालीचं अगदी बरोबर. इथंही काही प्रकाशक आता स्पॅनिश वर घेतात. पळसपान बाई, ३० एप्रिलला मेक्सिकोत बालदिन असतो. पॅट मोरा या लेखिकेनं १९९६ मध्ये इथं तो दिवस मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस म्हणून सुरू केला, सगळ्या भाषांतल्या वाचनाचा. मामींच्या पुस्तकाला तो मुहूर्त कसा?

पळसपान:

पाव्हणे, तुम्ही तिकडं फार दिवस राहिलात. ३० एप्रिलला दुपारी वाशीम जिल्ह्यात पोरं बाहेर काढली तर पुस्तकाचं राहू द्या, सलाइन लावायची वेळ येईल. श्रावण बरा. तीजही तेव्हाच असते.

अरुणावतीकाठ:

सगळ्यांचे आभार. या रविवारी पाव्हण्यांचं आणि पळसपान बाईंचं एकत्र करून पाहिलं. तामालेचं पान, मजकूर कॅलेंडरच्या कागदानं झाकलेला, आणि पुढं सहावीतली एक पोरगी. मी मागं बसले. ती गोरमाटीत काय काय सांगत होती ते मला अर्धंच कळलं. धाकटी मात्र एकही खिडकीकडे पाहत नव्हती. शेवटी भांडण जुंपलं ते आजोबांवरूनच. एकाचं म्हणणं, त्याचा नाना कारखान्यावर गेल्यावर रोज बाट्या भाजतो, गावात आला की हात लावत नाही. बाकीच्यांना ते पटेना. त्यानं घरी जाऊन नानालाच बोलावून आणलं. म्हातारा दारात उभा राहून चित्र पाहून म्हणाला, एवढी मोठी पातेली असल्यावर माणसं लागतीलच.

तांड्यावरचा, तू म्हणतोस ते पटलं. नानाचं बोलणंच पहिल्या पानाला घेऊ, त्यांच्या तोंडचं, जसंच्या तसं. मोबाइलवर धरायला सुरुवात केली आहे, पण मागं पिठाच्या गिरणीचा आवाज फार येतो, सकाळची वेळ पाहावी लागेल. तुझ्या एसटीचं मी पाहते. मानोऱ्याहून ह्यांना मोटरसायकल घेऊन पाठवीन, फक्त आदल्या दिवशी कळव.

शंकासूर, मराठीचा धाक असू द्या, मला तो लागतो. मराठी मजकूर झाला की तुमच्याकडेच पाठवणार आहे. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही पाहा.

झाडीपट्टीवाले, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पोरांनी चित्रं वहीच्या पानावर नाही, शाळेच्या चार्टपेपरवर काढायला घेतली आहेत, कोणी आडवी, कोणी उभी. सगळी एकाच मापात कापून घ्यायची की तुमच्याकडे लहान करता येतात? आणि शंभर प्रती काढल्या तर साधारण काय खर्च येईल? ग्रामपंचायतीच्या सभेत मागणी ठेवायची आहे, आकडा लागेल.